पहिला, अकरावा, एकविसावा

२ जून

खोकेवाल्या भावा,

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर तू "हं, हं" करतोस आणि मध्येच तिकडे कुणावर तरी ओरडतोस, "पुठ्ठा ओला ठेवू नका रे!" पत्राला निदान हं म्हणून सुटता येत नाही. आपल्या दोघांच्या आया, सख्ख्या बहिणी, जन्मभर एकमेकींना पत्रं लिहीत राहिल्या. तेवढी एक सवय तरी आपण पुढे नेऊ.

वर्तमानपत्रात तुमच्या समितीची बातमी वाचली. सरकारी शाळा का सुधारत नाहीत आणि कशा सुधारतील, याचा अभ्यास करायला जिल्ह्यातले कारखानदार, व्यापारी, डॉक्टर, पुढारी एकत्र बसणार. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले साहेब, आणि सदस्यांत तुझं नाव! बातमी मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली. सव्वीस वर्षं मी प्रत्येक सभेत घसा फोडून हेच सांगतेय. उद्या ज्यांच्या कारखान्यात ही पोरं यंत्रावर उभी राहणार, ज्यांच्या दवाखान्यात औषधाची चिठ्ठी हातात धरून ताटकळणार, त्यांनी एकदा येऊन या वर्गात बसावं. शाळा हे शिक्षणखात्याचं खासगी दुखणं नव्हे. ती बिघडली तर सगळा गाव लंगडतो. लोक टाळ्या वाजवत आणि घरी जात. आता पहिल्यांदा कुणीतरी घरी न जाता शाळेकडे निघालंय.

आमच्याकडे या. खडीच्या खाणीजवळची एका हॉलची शाळा, अडुसष्ट पोरं, मी आणि एक अर्धवेळ मास्तर. दहा-दहाच्या रांगा केल्यात, शेवटची आठांची. वाचायला सगळ्यात जड जातं ते पोर रांगेच्या तोंडाशी, माझ्या टेबलाला लागून. त्याची ओळ वाचून होईपर्यंत मागची रांग थांबते. पुढचं सांगायचं नाही, हसायचं नाही. आणि ज्या दिवशी ते पोर अख्खं पान वाचतं, त्या दिवशी ते उठून मागे बसतं. मागची जागा हे आमच्याकडचं सगळ्यात मोठं बक्षीस. हजेरीपटही मी बसण्याच्याच क्रमानं लिहिते, म्हणजे एका नजरेत कळतं कोण आलं नाही. पहिल्या रांगेच्या तोंडाशी सध्या एक दहा वर्षांची पोरगी आहे. अक्षरं सगळी येतात, पण जोडायला गेली की ओठ मिटतात. मात्र रांगेत कोण आलं, कोण नाही, हे माझ्याआधी तिला माहीत असतं, म्हणून पोरं तिला 'मुकादम' म्हणतात.

एक गोष्ट. मी तुझी मावसबहीण आहे हे तिथे कुणाला सांगायचं नाही. वशिल्यानं मिळालेला चांगला शेरा मला नको. माझी शपथ आहे.

तुझी अक्का


१४ जून

अक्का,

पाया पडतो, तेही कागदावरूनच, कारण गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

पहिली बैठक झाली. दोन तास नुसता कालवा. कंत्राटदार म्हणाले, भिंती पक्क्या नाहीत म्हणून शिक्षण पक्कं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरांच्या रक्तातच जोर नाही. दोघेही आपापल्या दुकानाच्या खिडकीतून बघत होते. मग मी विचारलं, "जिल्ह्यातल्या दोनशे शाळांपैकी चांगली कुठली आणि वाईट कुठली, हे इथे कुणाला माहीत आहे?"

तेव्हा मी माझी पद्धत सांगितली. ट्रक भरायच्या आधी ठरावीक खोकी बाहेर काढायची आणि त्यांच्यावर स्वतः उभं राहायचं. दबली, तर सगळा माल परत. कंत्राटदार म्हणाले, "तुम्ही उभे राहिल्यावर लाकडाचं खोकंसुद्धा दबेल!" हसले सगळे, पण पद्धत मान्य झाली. प्रत्येक शाळेत ठरावीक पोरांकडून एक पान वाचून घ्यायचं. पद्धत ठरवणाऱ्या गटाचा प्रमुख मीच.

कुठली पोरं, कशी निवडणार, ते तुला सांगणार नाही. सांगितलं तर पेपर फोडल्यासारखं होईल, आणि तूच मला फाडून खाशील. शपथ पाळतोय. तू माझी कोण, हे कुणाला माहीत नाही.

सगळ्यात खाली येतील त्या शाळांना आधी मदत, असं ठरलंय. बघ, काहीतरी होणार अक्का. मला खरंच वाटतंय.

तुझं पत्र घाईत वाचलं. रांगांचं काहीतरी लिहिलंयस, ते सवडीनं वाचीन.

तुझा खोकेवाला


९ ऑगस्ट

भावा,

काल तुमचे तपासनीस आले. चष्म्याच्या वरून बघणारे, बँकेतले निवृत्त हिशेबनीस, हातात घड्याळ. गृहस्थ सज्जन, पाणीसुद्धा बाटलीतून स्वतःचं आणलेलं. हजेरीपट मागितला, उघडला आणि बोट ठेवत वाचायला लागले, "पहिला. अकरावा. एकविसावा. एकतिसावा. एवढ्यांनी बाहेर या."

एकसष्टाव्यापर्यंत सात पोरं उठली, आणि ती सातही रांगांच्या तोंडाशी बसणारी. तुमच्या माणसानं नेमकी तीच सात बाहेर काढली, जी वाचू शकत नाहीत म्हणून मी माझ्याजवळ बसवलीत.

मी म्हटलं, "साहेब, थांबा. हा क्रम साधा नाही. दुसरा, बारावा, बाविसावा घ्या. कुठलाही आकडा घ्या, फक्त हा सोडा."

ते हसले. वाईट नाही, थकून हसले. म्हणाले, "बाई, ही माझी एकशे चाळिसावी शाळा. प्रत्येक ठिकाणी मला हेच सांगतात, नेमकी कच्ची पोरं निघाली म्हणून."

मुकादम पहिली उभी राहिली. पुस्तक उघडलं. ओठ मिटले. आणि मग काय झालं सांगू? मागची रांग थांबली. आमच्या नियमाप्रमाणे सगळे चिडीचूप, तिची ओळ पूर्ण व्हायची वाट बघत. तिच्या मागच्या नऊपैकी आठ पोरं ते पान पळत-पळत वाचतात. एकानंही तोंड उघडलं नाही. तपासनीस घड्याळ बघत राहिले आणि साठ सेकंदांनी त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं, त्यांनी लिहिलं असेल, 'वर्ग निरुत्साही'.

सातांपैकी शून्य. बाकी एकसष्ट पोरांना कुणी विचारलंही नाही.

तू पद्धतीचा प्रमुख आहेस. एवढंच कर, परत माणूस पाठव. दुसरा आकडा घेऊन.

अक्का


२० ऑगस्ट

अक्का,

पत्र वाचून वाईट वाटलं. पण रागावू नकोस, भाऊ म्हणून सांगतो. धंद्यात तीस वर्षं काढली, प्रत्येक माणूस मला हेच म्हणत आला, की साहेब, नेमकं खराबच खोकं तुमच्या हाती लागलं. नेमकं कधी लागत नसतं गं. दर दहातलं एक काढलं की मालाचा खरा अंदाज येतोच, म्हणून तर ही पद्धत आहे. तुझी मेहनत मला माहीत आहे. पण माणूस मेहनत करतो आणि तरी माल कच्चा निघतो, असं होतं. मान्य करण्यात कमीपणा नाही.

आणि खाली आलीस म्हणून काय बिघडलं? खालच्यांना आधी मदत, असंच ठरलंय. उलट तुझा फायदाच.

फक्त तुझ्यासाठी माणूस परत पाठवला, तर तोच वशिला होईल ना? तूच नको म्हणाली होतीस.

खोकेवाला


२७ ऑगस्ट

माझं जूनचं पत्र काढ. रांगांचा परिच्छेद वाच. सवडीनं नको. आत्ता, उभ्यानं.


३० सप्टेंबर

अक्का,

महिनाभर लिहिलं नाही. लिहायला बसायचो आणि उठायचो.

तुझं पत्र त्याच दिवशी वाचलं. चार ओळी. दहा-दहाच्या रांगा, जड जाणारं पोर तोंडाशी, हजेरी त्याच क्रमानं. सगळं लिहिलेलं होतं, पद्धत ठरायच्या आधी बारा दिवस. खोकी यंत्रातून निघतात, त्यांना कुणी मायेनं लावून ठेवत नाही. तिथे दहावं काय आणि अकरावं काय. तू लावून ठेवली होतीस, आणि मी वाचलं नव्हतं.

परवा शेवटची बैठक झाली. सगळं सांगतो, मध्ये काही लपवणार नाही.

आधी ठराव बदलला. अध्यक्ष म्हणाले, मदत थोडी आहे. ती जिथे फळ लवकर दिसेल तिथे द्यावी. म्हणून यादीचे दोन भाग झाले, 'सुधारणेस योग्य' आणि 'सुधारणेपलीकडे'. पलीकडच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या. अकरा शाळा. तुझी सगळ्यात खाली.

मी उभा राहिलो. म्हटलं, खाणीजवळच्या शाळेत निवड चुकली आहे, तिथला हजेरीपट वेगळ्या क्रमाचा आहे. डॉक्टरीणबाईंनी लगेच मान वर केली. एकट्या त्याच नीट ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे महत्त्वाचं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं? काही लेखी आहे का?"

लेखी माझ्या खिशात होतं, अक्का. जूनचं पत्र, तारखेसकट. त्याच्यावर पहिला शब्द 'खोकेवाल्या भावा'.

मी म्हटलं, "असंच कानावर आलं."

कंत्राटदार म्हणाले, "कानावर तर आमच्याही येतं, की तुमची खोकी पावशेर मालानं फाटतात. खरं मानायचं का?" हशा झाला. अध्यक्ष म्हणाले, एका शाळेसाठी पद्धत बदलली तर दोनशेंची बदलावी लागेल. मग हात वर करायला सांगितले. सगळ्यांनी केले.

मीही केला.

मी मनाशी म्हणत होतो, अक्काची शपथ आहे. पण खरं सांगू? शपथ आठवली ती हात वर करून झाल्यावर. त्याआधी नुसती भीती होती, की हे म्हणतील, बहिणीची शाळा वाचवायला आला.

तुझा


६ ऑक्टोबर

भावा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला. तिसऱ्यांदा माझा.

ती शपथ मी ताठ्यापायी घातली. मला निर्मळ शेरा हवा होता. सभांमधून दुसऱ्यांना सांगत आले, की पोरांसाठी लाज सोडा, दारोदार जा, लोकांच्या बाह्या धरा. आणि स्वतःच्या पोरांची वेळ आली तेव्हा मला माझी पाटी स्वच्छ ठेवायची होती. आता ती स्वच्छ आहे, आणि तिच्यावर लिहायला पोरं उरणार नाहीत.

शपथ परत घेते. सगळ्यांना सांग, मी तुझी बहीण. पत्र दाखव. मला खोटारडी म्हणाले तरी चालेल, फक्त कुणीतरी येऊन दुसरा, बारावा, बाविसावा, एवढ्यांचं वाचन ऐकावं. अर्धा तास लागेल.

ती मोठी शाळा महामार्गाच्या पलीकडे आहे. साडेपाच किलोमीटर. रस्ता ओलांडायला पूल नाही. घरची माणसं सकाळीच खाणीवर जातात. वाचायला येणारी पोरं कशीतरी जातील, त्यांना शाळा आवडते. रांगेच्या तोंडाशी बसणारं पोर साडेपाच किलोमीटर चालून जाईल का रे, नव्या ठिकाणी उभं राहून पुन्हा ओठ मिटायला? तुम्ही शाळांचा आजार शोधायला निघालात, आजारी कोण ते सापडलं, आणि त्यांनाच दवाखान्याबाहेर काढलंत.

'सुधारणेपलीकडे' हा शब्द कुणी सुचवला? मला त्या माणसाला एकदा समोरून बघायचं आहे.

मुकादमनं परवा अर्धं पान वाचलं. घाम आला होता तिला. उरलेलं अर्धं होईपर्यंत वेळ मिळव. आणखी काही मागत नाही.

अक्का


११ नोव्हेंबर

अक्का,

तो शब्द मी सुचवला. खराब मालाच्या कोपऱ्यावर आमच्याकडे तशीच पाटी असते, 'दुरुस्तीपलीकडे'. तू विचारलंस तेव्हा उत्तर द्यायचं धैर्य नव्हतं. आज आहे असंही नाही, पण लपवणार नाही म्हटलं होतं.

शपथ सुटली त्याच दिवशी अध्यक्षांच्या घरी गेलो. पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बैठकीत हे दाखवलं असतंत, तर मीच तपासनीस परत पाठवला असता. आता अहवाल शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. आता दाखवलंत, तर लोक म्हणतील, पद्धत ज्यानं ठरवली त्याचीच बहीण यादीत होती. मग एकशे नव्व्याण्णव शाळांचं काम पाण्यात."

डॉक्टरीणबाईंनी मात्र शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. मी त्यांच्याबरोबर दोनदा कचेरीत गेलो. बाकावर तीन-तीन तास बसलो. तिसऱ्या खेपेला कारकुनानं सांगितलं, हरकतीची दखल घेतली आहे.

दखल अशी, की अहवालातून माझं नाव वगळलं. सदस्यांच्या यादीत आता मी नाही. पद्धत आहे, तक्ता आहे, तुझ्या शाळेपुढचं शून्य आहे. फक्त ते कुणी काढलं, त्याचं नाव नाही.

कारखान्यात परवा ट्रक भरत होते. मुकादम म्हणाला, "साहेब, खोकी काढलीत, उभे राहा." आमच्याकडेही मुकादम आहे बघ, पन्नाशीचा, मिशावाला. मी त्या खोक्याकडे बघत राहिलो. पाय उचलेना. शेवटी त्यानंच स्वतः उभं राहून बघितलं.

मी येऊ का तिकडे? येऊन काय करीन माहीत नाही.

तुझा भाऊ


२ डिसेंबर

भावा,

येऊ नकोस. इथे आता बसायलाही काही नाही, बाकं ट्रकनं पलीकडच्या शाळेत गेली. मला तिथे दिलंय, दप्तराच्या कामाला. शिकवायला त्यांच्याकडे माणसं आहेत. पोरं उंचीप्रमाणे बसतात. मी पहिल्याच दिवशी रांगांचं सांगायला गेले, तर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमच्या पद्धतीचा निकाल आम्ही वाचलाय."

मी परत येऊन दप्तराच्या वह्यांना रेघा मारल्या.

अडुसष्टांपैकी एकोणचाळीस पोरं पलीकडे येतात. तुझ्या सातांपैकी एकही नाही. खाणीवर खडीच्या घमेल्यांजवळ दिसतात, लहान भावंडांना धरून. मी हाक मारली की लपतात. तू विचारशील, घरोघरी गेलीस का? गेले. आया म्हणतात, "बाई, तुम्हीच तर त्यांना सगळ्यात पुढे बसवलं होतं, तरी सगळ्यात खाली निघाली. मग कशाला पाठवायचं?" निवड चुकली, क्रम चुकला, हे त्यांना कसं समजावू? दमून आलेल्या बाईला एवढंच कळतं, की मोठ्या माणसांनी येऊन तपासलं आणि पोर कच्चं निघालं.

तू तुझ्या पापाचा हिशोब मला पाठवू नकोस, मी माझा तुला पाठवत नाही. आपण दोघंही प्रामाणिक राहिलो, बस. त्यानं काय झालं ते दोघांनाही दिसतंय.

शाळेच्या शेवटच्या दिवसाचं मात्र तुला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मी बनवून सांगतेय वाटेल.

सकाळी दार उघडायला गेले, तर कुलपाच्या वर नोटीस चिकटवलेली. टंकलेली, अख्खं पान, खाली शिक्का. पोरं जमली. मी वाचून दाखवणार होते. तेवढ्यात मुकादम पुढे सरकली. तिची जागाच ती, सगळ्यात पुढे. पायरीवर चढली आणि शब्दाखाली बोट धरून वाचायला लागली. "स-दर. सदर शा-ळा." पहिल्या ओळीला किती वेळ लागला सांगता येत नाही, माझ्याकडे घड्याळवाले तपासनीस नव्हते. मागे सगळी पोरं उभी. कुणी पुढचं सांगितलं नाही. कुणी हसलं नाही. 'समायोजन' या शब्दाला अडखळली, मागे गेली, पुन्हा जोडला, पुढे गेली. 'सुधारणेपलीकडे' मात्र एका दमात वाचला, भावा. का कुणास ठाऊक, तो शब्द तिला सोपा गेला. शेवटी शिक्क्यातली गोल अक्षरंसुद्धा मान वाकडी करून वाचली.

मग वळली. चेहरा असा फुलला होता, की मला तिच्याकडे बघवेना. काय वाचलं ते तिला कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं, की अख्खं पान झालं.

म्हणाली, "बाई, आता मी मागं बसू ना?"

अक्का